तीनदा बदललं तरी मागून घरघर: जुन्या जीपसाठी जुळणारं डिफरन्शियल शोधताना

ताशी चाळीसच्या पुढे गाडी गेली की मागच्या सीटखालून हूंऽऽ असा सूर यायचा. ॲक्सिलरेटर दाबला की चढायचा, सोडला की विरायचा. साठला शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. चार वर्षांत या एका सुरापायी मी मागचं हाउसिंग, म्हणजे डिफरन्शियल (शाफ्टचा फेर दोन्ही चाकांना वाटून देणारे गिअर) ज्यात असतं ते मागच्या आसाचं (ॲक्सलचं) लोखंडी कवच, तीन वेळा उघडलं, दोन अख्खी जुनी हाउसिंगं विकत घेतली, एकदा नुसता क्राउन (आतला मोठा दातेरी गिअर) घेतला, आणि दर वेळी काही ना काही बिघडून गाडी पुन्हा जॅकवर चढली. आता दोन पावसाळे ती शांत आहे. मधे काय चुकलं आणि शेवटी कशाने जमलं ते सविस्तर लिहितो, कारण जुनी जीप सांभाळणारे बरेच जण याच फेऱ्यात अडकलेले मी पाहिले आहेत.

गाडी महिंद्रची सीजे थ्री बी, १९७२ सालची. वडिलांनी भोरकडच्या शेतासाठी घेतली होती. इंजिन पुढे कधीतरी डिझेलचं झालं, तशी आरसी बुकात नोंद आहे. वापर डांबरी रस्त्यावर कमी आणि भातखाचरांच्या बांधावर, ओढ्यात, चिखलात जास्त. फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी सोय) चालू स्थितीत आहे आणि पावसाळ्यात त्याच्याशिवाय शेतावर पोचताच येत नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्याशी जोडलेला आहे.

आवाज डिफरन्शियलचाच आहे का, हे आधी ठरवा

हाउसिंग उतरवण्याआधी अर्धा दिवस यावर घालवा. मागून येणारा प्रत्येक आवाज डिफरन्शियलचा नसतो, आणि मागच्या आवाजाला डिफरन्शियल म्हणून मोकळं होणारे गॅरेजवाले मला भेटले आहेत.

मोठ्या गट्ट्यांचे टायर असतील तर ते स्वतःच हूं करतात. ओळखायचं कसं, तर रस्ता बदलला की टायरचा सूर बदलतो. काँक्रीटवर वेगळा, डांबरावर वेगळा, मातीत जवळजवळ नाहीसा. क्राउन-पिनियनच्या (पिनियन म्हणजे क्राउनला फिरवणारा छोटा गिअर) आवाजाला खालचा रस्ता कसाही असला तरी फरक पडत नाही, त्याला फरक पडतो तो तुमच्या पायाने. ओढ घेताना येणारा आणि सोडल्यावर जाणारा सूर म्हणजे दातांची पुढची बाजू झिजलेली किंवा पिनियन जागेवरून हललेला. सोडल्यावर येणारा आणि दाबल्यावर जाणारा असेल तर पिनियनची बेअरिंगं सैल असण्याची शक्यता जास्त. पाय काहीही करो, सतत जात्यासारखी घरघर असेल तर बेअरिंग. फक्त वळणावर कडकड असेल तर आतले स्टार-पिनियन (वळताना दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे छोटे गिअर). आणि गिअर टाकून क्लच सोडताना एकदाच ठक् होत असेल तर गाडीखाली शिरून आधी प्रॉपेलर शाफ्टचे (डिफरन्शियलकडे फेर आणणारा लांब दांडा) क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, हाताने पिळून बघा. क्रॉस हा पंधरा मिनिटांचा खर्च आहे, हाउसिंग हा पंधरा दिवसांचा.

माझा आवाज ओढ घेतानाचा होता. म्हणजे निदान बरोबर होतं. चूक पुढे झाली.

पहिलं हाउसिंग: चाकं बसली, गाडी पळाली, फोर बाय फोर अडकलं

एका भंगार बाजारात हाउसिंग मिळालं. विकणाऱ्याने विचारलं, "जीपच आहे ना? मग जीपचं जीपला बसतं." मलाही ते पटलं. पाच बोल्टचं चाक लावून पाहिलं, बसलं. ब्रेकच्या प्लेटा सारख्या दिसल्या. घेऊन आलो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्या जुन्या जीपचं पाच बोल्टचं वर्तुळ साडेपाच इंचाचं, म्हणजे १३९.७ मिलिमीटरचं आहे. मारुती जिप्सीचंही तेच आहे. म्हणून जिप्सीचा आस जीपला बसेल का? नाही. चाक बसणं ही जुळण्याची सगळ्यात कच्ची खूण आहे, आणि बाजारात नेमकी तीच दाखवली जाते.

गाडी सुरू केली तर छान चालली. उलट हायवेवर आधीपेक्षा मोकळी वाटली, इंजिन कमी ओरडत होतं. मी खूश. स्पीडोमीटर पन्नास दाखवत असताना फोनमधलं जीपीएस पंचावन्न दाखवतं हे बायकोने एकदा सांगितलंही, पण मी ते केबल जुनी झाली म्हणून सोडून दिलं. तोच सगळ्यात मोठा पुरावा होता. या जीपचं स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून (पुढच्या आणि मागच्या आसाला ताकद वाटणारी गिअरांची पेटी) फिरतं, चाकावरून नाही. केस आणि चाक यांच्यामध्ये फक्त डिफरन्शियल आहे. काटा दहा टक्के चुकू लागला याचा अर्थ डिफरन्शियलचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) दहा टक्के बदललं, एवढा सरळ हिशेब होता.

जुलैमध्ये खाचरातून बाहेर येऊन डांबरीवर चढलो आणि फोर बाय फोरचा दांडा बाहेरच येईना. गाडी जणू कोणी मागून धरून ठेवल्यासारखी ओढ घेत होती. दोन-तीन वेळा मागे-पुढे करून कसाबसा सुटला. असं तिसऱ्यांदा अडकलं तेव्हा ट्रान्सफर केसमधून आवाज झाला आणि आतला एक गिअर गेला.

उघडून दाते मोजले. सीजे थ्री बीला मुळात क्राउनला ४३ आणि पिनियनला ८ दाते असतात, म्हणजे ५.३८. माझ्या पुढच्या आसात तेच आहेत. नव्याने आणलेल्यात क्राउनला ३९ दाते निघाले, पिनियनला ८. म्हणजे ४.८८. (विलीज या मूळ अमेरिकी कंपनीच्या युद्धकाळातल्या जीपचं गुणोत्तर ४.८८ होतं आणि पुढे नागरी वापराच्या सीजेला ५.३८ आलं. म्हणजे हे दोन्ही आकडे या घराण्यात पहिल्यापासून आहेत, आणि नुसत्या "जीपचं" या शब्दाने काही ठरत नाही.)

फोर बाय फोर टाकलं की पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. गुणोत्तर वेगळं असेल तर पुढचं चाक १०० मीटर कापतं तेवढ्यात मागचं ११० मीटर कापायला बघतं. चिखलात चाकं घसरतात, म्हणून हा दहा मीटरचा झगडा कळत नाही. डांबरावर घसरायला जागा नसते. मग तो ताण शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये आणि शेवटी ट्रान्सफर केसच्या गिअरांत पीळ बनून साठतो. दांडा अडकतो तो या पिळामुळे.

फोर बाय टू गाडी असेल तर वेगळं गुणोत्तर चालवून घेता येतं, फक्त ओढ आणि वेग यांची अदलाबदल होते. फोर बाय फोरला मात्र पुढचं आणि मागचं गुणोत्तर एकच हवं, यात तडजोड नाही. मागचं मनासारखं मिळत नसेल आणि दुसऱ्या गुणोत्तराचं चांगलं मिळत असेल, तर पुढचंही त्याच दातांचं शोधायची तयारी ठेवून मगच पैसे द्या.

न उघडता गुणोत्तर कसं काढायचं

काही हाउसिंगांच्या मागच्या झाकणाच्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते, तिच्यावर दातांचे आकडे कोरलेले असतात. पन्नास वर्षांच्या गाडीवर ती पट्टी शिल्लक असली तरी तिच्यावर विसंबू नका. झाकण एकाचं आणि पोट दुसऱ्याचं असं सर्रास असतं.

गाडीवर असलेल्या आसाचं गुणोत्तर मोजायची पद्धत अशी. जमीन सपाट हवी. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. हे टाळू नका: या जीपचा हँडब्रेक चाकावर नाही, ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललं की ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असतानाही गाडी घरंगळू शकते. जॅक लावून एकच मागचं चाक उचला, खाली स्टँड द्या, ट्रान्सफर केस न्यूट्रल करा, आता हँडब्रेक सोडा. चाकावर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. एकाने चाक हाताने बरोबर वीस फेरे फिरवायचं, दुसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजायचे.

दुसरं चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे चाकाच्या दोन फेऱ्यांना क्राउनचा एक फेरा होतो. म्हणून वीस फेऱ्यांना क्राउनचे दहा. शाफ्टचे पावणेचोपन्न फेरे झाले तर ५.३८, पावणेएकोणपन्नास झाले तर ४.८८. एका-दोन फेऱ्यांवर अंदाज बांधला तर चूक होते, वीसवर होत नाही. असंच पुढच्या आसाचंही मोजून घ्या, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) मोकळे करायची सोय असेल तर ते आधी लॉक करून. मी हे काम पहिल्या दिवशी केलं असतं तर ट्रान्सफर केस वाचला असता.

दुसरा प्रयत्न: नुसता क्राउन

हा थोडक्यात सांगतो. मूळ ४३-८ चं हाउसिंग घरी पडलेलं होतंच. कोणीतरी म्हणालं, क्राउनचे दाते गेलेत, पिनियन ठीक दिसतो, क्राउन तेवढा बदलू. बदलला. पहिल्याच दिवशी आवाज आधीपेक्षा मोठा.

क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात. दोघांवर एकच जोडी-क्रमांक कोरलेला असतो. वेगळ्या गाडीचा क्राउन आणि तुमचा पिनियन हे कितीही चांगले असले तरी त्यांचे दात एकमेकांना ओळखत नाहीत. जुन्या बाजारात घेताना दोन्हीवरचा क्रमांक पुसून वाचा. जुळत नसेल तर तो सेट कोणीतरी आधीच एकदा मोडलेला आहे, सोडून द्या.

तिसरा प्रयत्न: सगळं जुळलं, तरी एका पावसाळ्यात संपलं

या वेळी मी मोजून गेलो होतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांची रांगच्या रांग आहे, तिथे एका वयस्कर चाचांनी माझा कागद बघून दुकानामागून हाउसिंग काढून दिलं आणि झाकण स्वतः उघडून दाखवलं. ४३-८. जोडी-क्रमांक एक. दाते स्वच्छ. आणलं, बसवलं. गाडी इतकी शांत झाली की मला घड्याळाची टिकटिक ऐकू येते असं मी घरी सांगत होतो.

नोव्हेंबरात तोच सूर.

झाकण उघडलं तर आत तेल नव्हतं, चहासारखं दुधाळ पाणी होतं. पिनियनच्या बेअरिंगांवर खड्डे पडलेले. तेव्हा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका काकांनी, ज्यांच्याकडे मी बेअरिंग उतरवायचा पुलर बनवायला गेलो होतो, मला एकच प्रश्न विचारला: "आधीचं का मेलं ते बघितलंस का?" मी बघितलं नव्हतं. तीन वेळा भाग बदलला, पण तो मरतो का हे एकदाही शोधलं नव्हतं.

घरी येऊन हाउसिंग धुतलं. आसाच्या नळीवर एक बोटाच्या पेराएवढा ब्रीदर असतो, हवा आत-बाहेर जाण्यासाठी. तो वाळलेल्या मातीने दगडासारखा भरलेला होता. मूळच्या हाउसिंगवरचा तोच जुना ब्रीदर काढून मी स्वतः या नव्यावर बसवला होता, कारण नव्यावरचा तुटलेला होता.

आत घडतं ते असं. गाडी चालली की हाउसिंग तापतं, आतली हवा फुगते. ब्रीदर बंद असेल तर ती बाहेर पडायला सील शोधते, आणि सीलांतून तेल झिरपतं, ब्रेकवर जातं. मग तशीच तापलेली गाडी ओढ्यात उतरते. थंड पाणी लागताच हाउसिंग एकदम गार होतं, आतली हवा आकसते आणि त्याच सीलांतून पाणी आत ओढलं जातं. दर पावसाळ्यात शंभर वेळा. पिनियनचं बेअरिंग झिजतं, पिनियन सैल होतो, दातांची पकड हलते, आणि सूर लागतो. म्हणजे मूळचं काय आणि हे काय, दोन्ही हाउसिंगांचा खरा रोग तो पेराएवढा भाग होता.

आता ब्रीदरच्या जागी नळी बसवून तिचं तोंड बॉडीच्या आत, मागच्या सीटच्या उंचीला नेलं आहे. पेट्रोलला चालणारी रबरी नळी, दोन क्लिप, तोंडाला छोटा फिल्टर. आसाच्या हालचालीला पुरेल एवढी ढील ठेवायची आणि सायलेन्सरपासून दूर बांधायची. हे काम डिफरन्शियल शोधायला निघण्याआधी करा. नाहीतर कितीही चांगलं आणलं तरी ते याच वाटेने जाईल.

बाजारात जाताना कागदावर काय लिहून न्यायचं

माझ्या कागदावर आज जे लिहिलेलं आहे ते सांगतो. तुमची गाडी वेगळी असेल तर आकडे बदलतील, मोजायच्या जागा बदलणार नाहीत.

गुणोत्तर, म्हणजे दोन्हीकडचे दाते. हे झालं.

त्यानंतर हाफ शाफ्टच्या (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा) स्प्लाइन, म्हणजे टोकावरच्या खाचा. आपल्या जीपच्या मागच्या आसाचं घराणं स्पाइसर ४४ चं. या एकाच घराण्यात १०, १९ आणि ३० स्प्लाइनचे हाफ शाफ्ट निघालेले आहेत. बाहेरून हाउसिंग एकच दिसतं. तुमचे चांगले शाफ्ट नव्या डिफरन्शियलमध्ये वापरायचे असतील तर मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. मोजण्यासाठी शाफ्ट बाहेर यावा लागतो, आणि सीजे थ्री बीचा मागचा हब निमुळत्या शाफ्टवर चावी आणि नटाने बसलेला असतो. तो हातोड्याने निघत नाही. हातोडा मारून मारून लोक शाफ्टचे आटे चपटे करतात आणि आतल्या बेअरिंगला मार बसतो. भक्कम पुलर लावा, ताण देऊन रात्रभर तसाच ठेवा, बऱ्याचदा सकाळी आपोआप सुटलेला मिळतो. नट पूर्ण काढू नका, दोन आटे सैल करून ठेवा, नाहीतर हब सुटताना उडून अंगावर येतो.

पिनियनच्या टोकाला जो योक (प्रॉपेलर शाफ्ट जोडायचा भाग) असतो त्याच्याही १० आणि २६ स्प्लाइन अशा दोन तऱ्हा आहेत. योक तुमचा बसला नाही तरी चालेल, पण मग क्रॉसच्या टोपीचा व्यास व्हर्नियरने मोजून न्या आणि नव्या योकमध्ये तुमचा क्रॉस बसतो का ते तिथेच बघा.

मग हाउसिंगची रुंदी. सीजे थ्री बीची दोन चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत साडेअठ्ठेचाळीस इंचांच्या आसपास आहे. पुढच्या काळातल्या रुंद गाड्यांचे आस याच बाजारात याच नावाने विकले जातात. शिवाय आपल्या जीपमध्ये डिफरन्शियलचं पोट मधोमध नसतं, उजवीकडे सरकलेलं असतं, ट्रान्सफर केसच्या शाफ्टच्या रेषेत. ट्रान्सफर केस नसलेल्या गाड्यांत शाफ्ट गिअरबॉक्समधून सरळ येतो म्हणून पोट मध्याकडे असतं. तसा आस लावला तर शाफ्ट तिरका चालतो आणि क्रॉस महिन्याभरात जातो. पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसतात त्या गाद्यांचं मधलं अंतर मोजा, आणि त्या नळीच्या वर आहेत की खाली तेही बघा. गाद्या तोडून पुन्हा वेल्डिंग करता येतं, पण पिनियनचा कोन बिघडला की शाफ्ट थरथरतो. मी ते करणार नाही. शेवटी ब्रेक ड्रमचा व्यास. एका आसाचे दोन्ही ड्रम एकाच मापाचे असलेच पाहिजेत.

सोबत काय न्यायचं: टॉर्च, चुंबक, पांढरं फडकं, व्हर्नियर, टेप, झाकणाच्या बोल्टाचा पाना, थोडा सुतळी दोरा. दोरा कशाला ते पुढे येईल.

झाकण उघडल्याशिवाय पैसे देऊ नका

या आसाचं पोट हाउसिंगचाच भाग आहे, मागे दहा बोल्टचं झाकण. जिप्सी किंवा ओम्नीसारखं पुढून अख्खं कॅरिअर (डिफरन्शियलची जुळणी) बाहेर निघत नाही. म्हणून आतलं बघायचा हाच एक रस्ता, आणि दहा बोल्ट काढायला दहा मिनिटं लागतात. विकणारा नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

तेल आधी बघा. बोटावर घेऊन चोळा. मातीचा रंग किंवा दुधाळपणा म्हणजे पाणी. तेलच नसेल आणि आत ताजं ग्रीस थापलेलं असेल तर आवाज लपवलाय असं धरा. भुसा घालून आवाज दाबायची जुनी युक्ती आजही चालते, त्यामुळे गाळात लाकडाचे तंतू दिसतात का ते फडक्यावर पसरून पाहा. चुंबक गाळातून फिरवा. काळी मऊ साय लागली तर ती साधी झीज आहे. चमकणाऱ्या सुया किंवा खपल्या लागल्या तर काहीतरी तुटतंय.

क्राउन हळूहळू पूर्ण फिरवून प्रत्येक दात टॉर्चखाली बघा. दात एकसारखे चकचकीत हवेत. टोकाला टवका, दातावर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे, निळसर झाक (ती तापल्याची), यांपैकी काहीही असेल तर नको. एक खूण माझ्या डोळ्यांतून सुटली असती ती चाचांनी दाखवली: उघड्यावर पडून राहिलेल्या हाउसिंगात पाणी साचतं तेवढ्या उंचीला क्राउनवर गंजाची आडवी रेघ उठते. रेघेखालचे चार-पाच दात खडबडीत असतात. गंज पॉलिश पेपरने निघतो, खड्डा निघत नाही, आणि दर फेऱ्याला तो एकदा गुरगुरतो.

योक धरून वर-खाली हलवा. जरासुद्धा हलला तर पिनियन बेअरिंग गेलंय. बेअरिंग नवी मिळतात, म्हणून यावर सौदा मोडू नका, भाव मात्र पाडा. योक मागे-पुढे फिरवताना थोडा प्ले (ढिलेपणा) असतोच.

आता दोरा. नळ्या वाकलेल्या नाहीत ना हे बघायला दोरा एका टोकाच्या फ्लँजपासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून धरा आणि नळीपासूनचं अंतर ठिकठिकाणी मोजा, हाउसिंग चार बाजूंनी फिरवून. अपघातातल्या किंवा ओव्हरलोड गाडीचा आस इथे पकडला जातो. वाकलेल्या नळीत हाफ शाफ्ट आणि सील दोन्ही टिकत नाहीत. गॅसकटरने आस उतरवताना टोकांना चटका बसलाय का, गाद्यांजवळ जुनं वेल्डिंग आहे का, हेही बघून घ्या.

बिल मागा. डिफरन्शियलचा क्रमांक आरसी बुकात नसतो, तिथे चासीचा आणि इंजिनचा असतो. म्हणूनच आस हा चोरीच्या गाडीतून सहज फिरणारा माल आहे. ज्या गाडीतून काढला तिचा चासी क्रमांक बिलावर लिहून देणारा दुकानदार मला जास्त विश्वासाचा वाटतो, चार पैसे जास्त गेले तरी.

बसवताना

अख्खं हाउसिंग बदलत असाल आणि आतलं हलवत नसाल, तर सील, ब्रीदर आणि तेल एवढंच काम. तेल ९० नंबरचं, जीएल-५ दर्जाचं. तेच तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नका, तिथल्या पितळी सिंक्रो रिंगांना ते मानवत नाही.

माझं पोट उघडावं लागलं, कारण बेअरिंगं नवी टाकायची होती. हे घरी करायचं काम नाही, पण मिस्त्रीसमोर उभं राहून काय विचारायचं ते माहीत हवं. पिनियनच्या डोक्यावर अधिक किंवा उणे असा एक आकडा कोरलेला असतो, तो थाऊमध्ये (इंचाचा हजारावा भाग). पिनियन किती आत बसायला हवा हे तो सांगतो. तुमचा जुना पिनियन अधिक २ आणि नवा उणे १ असेल तर ३ थाऊची शिम (पातळ चकती) वाढवावी लागते. जुन्याच शिमा तशाच घालून बंद केलं तर सेट चांगला असूनही आवाज येणार. क्राउनच्या बाजूच्या बेअरिंगांच्या टोप्या डावी-उजवी बदलू देऊ नका, त्यांवर आणि हाउसिंगवर अक्षरं कोरलेली असतात ती जुळवून बसवायची. मग डायल गेज लावून क्राउनचा प्ले बघा, ५ ते १० थाऊच्या दरम्यान.

आणि दातांचा ठसा. उद्यमनगरच्या काकांनी शेंदूर तेलात कालवून सहा-सात दातांना लावला, क्राउनला फडक्याने अडवत योक फिरवला, आणि ठसा मला दाखवला. ठसा दाताच्या मध्यावर हवा. दाताच्या मुळाशी उतरला तर पिनियन फार आत आहे, शेंड्यावर चढला तर फार बाहेर. पहिल्यांदा शेंड्यावर आला. त्यांनी सगळं पुन्हा खोललं, शिम बदलली, पुन्हा बांधलं. तिसऱ्यांदा मनासारखा आला तेव्हा संध्याकाळ झाली होती. त्या माणसाने एकदाही घाई केली नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. (शेंदरात शिसं असतं. हात साबणाने धुतल्याशिवाय चहाला हात लावू नका.)

बसवल्यावर पहिले वीस किलोमीटर चाळीसच्या आत चालवा आणि थांबून पिनियनजवळ हात लावा. कोमट ते गरम ठीक. हात टेकवता येत नसेल तर पिनियनचं बेअरिंग गरजेपेक्षा घट्ट आहे, तसंच पुढे जाऊ नका. पाचशे किलोमीटरला तेल एकदा बदला.

माझ्या गाडीच्या बॉनेटच्या आतल्या बाजूला आता ऑइल पेंटने लिहिलं आहे: पुढे ४३-८, मागे ४३-८, स्प्लाइन १९, आणि शेवटच्या तेलाची तारीख. यंदा दिवाळीआधी मागचं झाकण उघडलं. तेल तपकिरी होतं पण पारदर्शक, चुंबकावर थोडी काळी साय, बस्स. नळीच्या तोंडावरच्या फिल्टरवर मात्र एका कोळ्याने जाळं केलं होतं, ते काढून टाकलं.